माईकपासून वीतभर, मांडवात शंभर पावलं

गोव्यात एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा सत्कार असला की सूत्रसंचालक दोन वाक्यं हमखास म्हणतो. बाईंनी आकाशवाणीवर कितीतरी नभोनाट्यं केली, आणि बाईंनी रंगभूमी गाजवली. मग शाल, श्रीफळ, टाळ्या. त्या दोन वाक्यांच्या मधे जे असतं ते खरं बाईंचं आयुष्य, आणि ते कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं. बुधवारी पणजीत आल्तिनोवरच्या आकाशवाणी स्टुडिओत माईकपासून वीतभर अंतरावर उभं राहून बोलायचं. शनिवारी रात्री फोंड्याकडच्या एखाद्या देवळासमोर, मांडवात शंभर पावलांवर पाय पसरून बसलेल्या आजीला ऐकू जाईल असं बोलायचं. घसा एकच, पण अंतर बदललं की श्वास, जीभ, हात, डोळे सगळंच बदलावं लागतं. हे दोन्ही ज्यांनी तीस-चाळीस वर्षं सांभाळलं, त्या बायकांचं काम नेमकं काय होतं ते इथे लिहून ठेवतो आहोत.

गोमंतकाला हे नवं नाही. कुर्डीच्या मोगूबाई, जन्म १९०४, लहान वयात चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत उभ्या राहिल्या आणि पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. आपण त्यांना जयपूर घराण्याच्या गायिका म्हणून ओळखतो, पण सुरुवात नाटकाच्या फळीवर झाली. बांदिवड्यात १९१४ साली जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे लहानपणीच मुंबईला गेल्या आणि कोवळ्या वयात तिथल्या रेडिओवर गाऊ लागल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं, त्यात त्या होत्या. बायकांची कामं बहुधा पुरुषांनी करायची हा तोवरचा रिवाज. घरंदाज स्त्रीनं पुरुषांच्या बरोबरीनं नाटकात उभं राहणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. १९४२च्या 'कुलवधू'तलं 'बोला अमृत बोला' आजही ऐका. बोलता बोलता गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं. आवाज फेकलेला नाही, समोरच्या माणसाच्या हातात ठेवलेला आहे. आमच्या मते ही माईकची शिस्त आहे, आणि ती रेडिओवरून नाटकात आली.

तीस वर्षांनी हाच रस्ता आशालता वाबगावकरांनी धरला. मुंबई आकाशवाणीवर कोकणी गाणी, मग गोवा हिंदु असोसिएशनची नाटकं, आणि १९६४ साली 'मत्स्यगंधा'. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, आणि तेही मुंबई आकाशवाणीत नोकरी केलेले. रेडिओ आणि नाटक ही आपल्याकडे शेजारशेजारची घरं होती, मधे कुंपण नव्हतं.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीतलं रेडिओ केंद्र १९४६चं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर आकाशवाणी पणजी केंद्र उभं राहिलं, मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांत. गावच्या नाटकात काम करणाऱ्या मुलीला तोंडाला रंग न लावता, रात्र न जागवता, दिवसाउजेडी अभिनय करता येईल अशी जागा पहिल्यांदा मिळाली. घरचे नाटकाला नाही म्हणत, पण रेडिओला सहसा हो म्हणत.

आता कामाकडे येऊ.

रेडिओच्या नाटकासाठी आवाजाची चाचणी असते. हातात न पाहिलेला मजकूर देतात आणि रागावून, हळवं होऊन, म्हातारी होऊन, सूत्रधार होऊन वाचायला लावतात. ऐकणारे काचेपलीकडे, त्यांना चेहरा दिसून उपयोग नाही. उत्तीर्ण झालं की श्रेणी मिळते आणि पुढची बोलावणी त्या श्रेणीनुसार. गोव्यातल्या उमेदवाराची अडचण बहुधा अभिनयाची नसते, स्वरांची असते. कोकणीत 'ए' आणि 'ओ' उघडे व मिटलेले असे दोन-दोन असतात. आपली जीभ ते मराठी वाक्यातही उघडे करते. शिवाय शेवटचा स्वर नाकात जातो. समोरासमोर हे गोड वाटतं. माईक मात्र ते चाळणीत धरल्यासारखं वेगळं करून दाखवतो. जुन्या बायकांनी यावर काढलेला उपाय साधा होता. रोज सकाळी वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक 'ओ'वर ओठ गोल झाले की नाही ते आरशात बघायचं. आणि कोकणी नाटक असेल त्या दिवशी हे सगळं विसरायचं.

स्टुडिओत जाताना काय नेसायचं हेही ठरलेलं. सुती साडी, कारण रेशमी सळसळते. काचेच्या बांगड्या काढून पर्समध्ये. लांब मंगळसूत्र पदरात खोचायचं. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दोन्ही वेळा पोट बोलतं आणि शांत प्रसंगात ते नेमकं टिपलं जातं. सोबत कोमट पाणी, घोटघोट प्यायचं, कारण कोरड्या तोंडात जीभ सुटताना चटचट आवाज येतो.

संहितेची पानं एका बाजूलाच लिहिलेली किंवा छापलेली, टाचणी-पिनेशिवाय सुटी. पान उलटायचं नाही. वाचून झालं की ते खालच्या कोपऱ्यात धरून हळूच बाजूला सरकवायचं आणि गालिच्यावर सोडून द्यायचं. पानाच्या शेवटी वाक्य तुटत असेल तर ते वाक्य पुढच्या पानावर पूर्ण लिहून घ्यायचं, नाहीतर ऐन शोकाच्या जागी अर्ध्या सेकंदाचं खिंडार पडतं. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होऊन मऊ पडतो आणि कमी वाजतो. गोव्याच्या हवेचा रेडिओला झालेला हा एक फायदा. पान वाचायला साधारण दीड ते दोन मिनिटं लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या नाटकाला सोळा-अठरा पानं. त्यातून सुरुवातीची आणि शेवटची उद्घोषणा वजा. तालमीत घड्याळ लावून बघतात आणि दोन मिनिटं जास्त होत असतील तर वेग वाढवत नाहीत, वाक्यं कापतात. वेग वाढवला की भावना पहिली मरते.

माईकपासूनचं अंतर ही सगळ्यांत मोठी विद्या. नेहमीच्या बोलण्याला अंगठा आणि करंगळी ताणून होते तेवढी वीत. मनातलं बोलायचं, कुजबुजायचं तर चार बोटं. एवढ्या जवळ आवाजातला खर्ज वाढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई आपल्या कानाशी आली. ओरडायचं असेल तर दोन पावलं मागे आणि तोंड थोडं बाजूला. 'प' आणि 'ब' तर फुटतातच, पण मराठीची खरी पंचाईत महाप्राण अक्षरांची आहे. 'फ', 'भ', 'थ', 'ध' यांत हवेचा झोत थेट जाळीवर आदळतो आणि फट्ट असा आवाज येतो. म्हणून माईकच्या समोर उभं न राहता किंचित तिरकं, ओठांची हवा माईकच्या बाजूनं निघून जाईल असं उभं राहायचं. 'भाऊ' हा शब्द स्वच्छ म्हणता आला की ती मुलगी तयार झाली समजावं.

दोन्ही बाजूंनी ऐकणारे माईक होते तेव्हा नट-नटी मधे माईक ठेवून एकमेकांसमोर उभे राहत. त्या माईकची डावी-उजवी बाजू बहिरी असते. दूर जाणारी व्यक्ती दाखवायची तर बाई बोलत बोलत त्या बहिऱ्या बाजूकडे सरकायची आणि श्रोत्याला ती दारातून निघून गेल्यासारखी ऐकू यायची. दोनच पावलांत आख्खं सासर सोडता यायचं.

मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हच्या रेडिओवर, आवाजाचा वरचा भाग कापला जातो. 'स', 'श', 'फ' यांची ओळख नेमकी त्या वरच्या पट्ट्यात असते. म्हणून 'सार' आणि 'फार', 'साल' आणि 'शाल' यांतला फरक घरच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर पुसट होतो. अनुभवी अभिनेत्री 'स' जोरात काढत नाही, त्यानं नुसती शिट्टी वाजते. ती त्याच्या पुढचा स्वर जरा लांबवते आणि आधीच्या शब्दानंतर केसभर थांबते. ऐकणारा उरलेलं अक्षर आपल्या डोक्यात भरून घेतो. त्या काळची नभोनाट्यं संथ वाटतात याचं एक कारण हे आहे, आणि त्याला नाटकीपणा म्हणणं अन्याय आहे.

बाकी करामती बऱ्याच जणांना ठाऊक असतात. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, पावसाला सुपात तांदूळ, गडगडाटाला पत्रा, आगीला चुरगळलेला चकचकीत कागद. त्यात फार रेंगाळत नाही. एवढंच सांगतो की करवंट्या वाजवणारा आणि बोलणारी बाई यांचा श्वास जुळावा लागतो. घोडा थांबल्यावर तिचं पहिलं वाक्य धापेतून आलं नाही तर ती घोड्यावरून आलीच नाही.

आणि वय. रेडिओवर साठीची बाई सोळा वर्षांची होते. सूर वर चढवून ते साधत नाही, त्यानं आवाज बालनाट्यातल्या उंदरासारखा होतो. आवाज तोंडात पुढे, दातांच्या मागे आणायचा, वाक्याचा वेग असमान ठेवायचा आणि ओठांवर हसू ठेवून बोलायचं. हसू ऐकू येतं. म्हातारी करताना नवख्या मुली प्रत्येक शब्द थरथरवतात. खऱ्या म्हातारीचा आवाज थरथरतो तो क्वचित, तिचा श्वास लवकर संपतो. म्हणून वाक्याचे तुकडे लहान करायचे आणि क्रियापदाच्या आधी थांबायचं.

क्रियापदाशी थोडं थांबू या, कारण नभोनाट्य आणि मांडव यांतला सगळा झगडा तिथे आहे. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. 'मी उद्या त्यांच्या घरी येणार' इथवर काहीच ठरलेलं नाही. 'आहे' की 'नाही' ते शेवटच्या शब्दाला कळतं, आणि नेमका तेव्हाच श्वास संपत आलेला असतो. स्टुडिओत 'नाही' खाली सोडता येतं, पुटपुटता येतं, अर्धं गिळता येतं. वीतभरावर ते सगळं पोचतं आणि सुंदर दिसतं. मांडवात तेच 'नाही' तिसऱ्या रांगेत पडतं. मागे बसलेल्यांना वाटतं ती येणार आहे आणि पुढचा अंक त्यांना कळत नाही. म्हणून मांडवातल्या बाईची संहिता पाहिलीत तर वाक्याच्या सुरुवातीला नव्हे, शेवटच्या शब्दाच्या अलीकडे उभी रेघ दिसेल. ती श्वासाची खूण. तिथे चोरून श्वास घ्यायचा आणि 'नाही' नव्या श्वासावर म्हणायचं. एक रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण.

मांडवातलं, म्हणजे देवळाच्या जत्रेतलं, नाटक सुरू होतं पालखी देवळात परतल्यावर. रात्रीचे अकरा धरा, कधी बारा. संगीत नाटक असेल तर तिसरा अंक पहाटेच्या गारव्यात. गावातले पुरुष महिना-दोन महिने तालमी करतात आणि नायिका बाहेरून येते, नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन ठरवून, प्रयोगाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी. एक रंगीत तालीम झाली तर झाली. त्यामुळे 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'मानापमान', 'एकच प्याला' यांतल्या नायिका तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी पाठ असाव्या लागतात, तेही गावोगावच्या वेगवेगळ्या काटछाटीसकट. गावात उतरल्या उतरल्या ती पहिला प्रश्न विचारते की कुठली पदं ठेवली आहेत. दुसरा प्रश्न पेटीवाल्याला, पट्टी कोणती, म्हणजे गाण्याचा मूळ सूर कुठला. नायकाचा सूर काळी एकवर आणि तिचा काळी चारवर असेल तर युगुलगीतात एकाची माती होणार हे नक्की. शहाणा ऑर्गनवादक पदं आलटून पालटून दोघांच्या पट्टीत वाजवतो आणि दोघांनी मिळून गायच्या ओळी शक्य तेवढ्या कमी करतो.

तिची कपड्यांची ट्रंक तिच्याबरोबर येते. दोन नऊवाऱ्या, एक शालू, गंगावन म्हणजे खोट्या केसांची वेणी, खोटे दागिने पिशवीत वेगवेगळे बांधलेले, रंग, पावडर, सेफ्टी पिनांची माळ, सुईदोरा आणि रंग काढायला खोबरेल. गंगावन नीट बसलं नाही तर पहिल्या नमस्काराला सुटतं, म्हणून मुळाशी घट्ट आंबाडा, त्यावर काळ्या पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवून. रंगपटात आरसा एकच आणि बल्ब पिवळा. त्या उजेडात गालांवर लाली जास्तच लागते आणि स्टेजवरच्या पांढऱ्या झोतात बाई तापलेली दिसते. उपाय एकच, लाली लावून बाहेर मांडवाच्या उजेडात येऊन कुणा जाणत्याला दाखवायची.

आवाजाची व्यवस्था गावागणिक वेगळी. स्टेजच्या पुढच्या कडेला वरून सोडलेले तीन टांगते माईक असतील तर त्यांच्या खाली येऊन बोलायचं, पण वर बघायचं नाही. दोन माईकांच्या मधे उभं राहिलं तर आवाज पातळ होतो. कर्णा झाडावर दूर बांधला असेल तर आपलंच वाक्य उशिरानं परत कानावर पडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पन्नास मीटरवरची भिंत तुमचा शब्द पाव सेकंदाहून थोड्या उशिरानं परत देते. नवखी बाई त्या पडसादाला थांबते आणि अडखळते. जाणती बाई पहिल्या दोन वाक्यांत तो पडसाद मोजते आणि वाक्यांमधली विश्रांती तेवढीच ठेवते, म्हणजे पडसाद रिकाम्या जागेत पडतो. बाहेर खाज्यांचे आणि खेळण्यांचे ठेले, जनरेटर, मधेच फटाक्यांची माळ. फटाके लागले की बोलायचं थांबून मुद्रेत राहायचं. त्यांच्यावर ओरडून जिंकायला गेलेल्या बाईचा तिसरा अंक गेला.

आता कॉलर माईक आलेत. ते सोयीचे आहेत, पण आपल्या हवेत घाम त्यांच्या तोंडात शिरतो आणि आवाज गोधडीखालून यावा तसा होतो. छातीवर लावला तर मंगळसूत्र आपटतं. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, गंगावनाच्या कडेला लपवला तर दोन्ही टळतात. मध्यंतरात बॅटरी बदलायची, मग ती शिल्लक असो वा नसो.

घशाची काळजी दोन्हीकडे सारखी. प्रयोगाआधी पेज, लोणच्याची फोड, बस. बर्फाचं काही नाही. घसा खाकरायचा नाही, आवंढा गिळायचा किंवा पाणी प्यायचं. आवाज बसला तर कुजबुजत बोलणं हा सगळ्यांत वाईट उपाय; त्यानं घशावर ताण वाढतो. चिठ्ठ्या लिहाव्यात आणि गप्प बसावं. पन्नाशीच्या आसपास बायकांचा आवाज खाली उतरतो, वरचे सूर जड होतात. इथे पुष्कळ जणींनी गाणं सोडलं आणि ते आपलं अपयश मानलं. खरं तर पट्टी एक-दोन सुरांनी उतरवली की गाणं चालू राहतं, आणि बोलण्यात जो भरीवपणा येतो तो आईच्या, सासूच्या, राजमातेच्या भूमिकांना तरुणपणी कधीच मिळत नाही. रेडिओवर तर हीच वर्षं सोन्याची.

एकीकडून दुसरीकडे जाताना चुका ठरलेल्या. मांडवातली बाई स्टुडिओत आली की हातवारे करते, हाताबरोबर मान वळते आणि निम्मं वाक्य माईकच्या बाहेर सांडतं. रेडिओची बाई स्टेजवर गेली की नजर खाली राहते, कारण वर्षानुवर्षं डोळे कागदावर; शिवाय समोरचा बोलत असताना ती विझते. स्टुडिओत आपलं वाक्य नसेल तर निश्चल उभं राहणं हेच काम असतं, स्टेजवर तेव्हाच खरं काम असतं. कांपालच्या कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धेच्या वेळी मागच्या रांगेत बसून पाहिलंत तर कोण कुठून आलंय ते दहा मिनिटांत कळतं. त्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, ज्यांच्या स्त्री-भूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध होता. तिथे आज आपल्या मुली स्वतः उभ्या राहतात हे पाहून दरवेळी ऊर भरून येतो.

आता तातडीचं. रेडिओच्या टेपा महाग असत, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. जगभर तसंच झालं. त्यामुळे ज्येष्ठ अभिनेत्रींच्या आवाजाचा पुष्कळ ठेवा त्यांच्या घरी, कुणी ट्रान्झिस्टरवरून भरून घेतलेल्या कॅसेटींत आहे. गोव्याच्या पावसात त्यांना बुरशी येते. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, यंत्र आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी बिघडतील, जाणकाराकडे द्या. बाकीच्यांच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान आधी मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. संगणकावर घेताना वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. खरखर साफ करायची ती प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नाही. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. कॅसेट उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, डब्यात सिलिका जेलची पुडी.

आणि बाईंशी बोला. साल विचारू नका, सालं कुणालाच आठवत नाहीत. कुठली जत्रा, पालखी किती वाजता आली, नायक कोण, मूल केवढं होतं ते विचारा, त्यावरून साल निघतं. आवडती भूमिका कोणती असंही विचारू नका, त्याला पाठ केलेलं उत्तर येतं. नाटकाचं पुस्तक घेऊन जा, तिच्या वाक्याच्या आधीचं समोरच्याचं वाक्य मोठ्यानं वाचा आणि थांबा. नव्वदीच्या बाईलाही त्यावर पुढचं वाक्य येतं, सुरासकट, शेवटच्या शब्दाआधीच्या त्या चोरट्या श्वासासकट. रेकॉर्डर तेव्हा चालू असू द्या, वीतभर अंतरावर, थोडा तिरका.